लाइट आली

मुलगी आयर्लंडला गेली तेव्हा आमच्याकडे इंटरनेट म्हणजे गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळची दीड फूट जागा होती. तिथे उभं राहिलं तरच मोबाइलला रेंज यायची. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता बायको आणि मी टाकीला टेकून, डोक्याला डोकं लावून उभे राहायचो. लग्नाच्या फोटोतही आम्ही इतके जवळ नव्हतो. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर पाच वाजता काय होतं हे ज्याला माहीत नाही, त्याने एकदा अनवाणी येऊन बघावं.

चित्र सारखं अटकायचं. मुलगी तोंड उघडं ठेवून नाहीतर डोळे मिटून थांबून राहायची आणि आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा. त्यामुळे महत्त्वाचं आधी बोलून घ्यायची सवय लागली. तब्येत, जेवण, आणि "कधी येतेस?" बाकीचं लाइन टिकली तर. पलीकडून ती वैतागून ओरडायची, "बाबा, काहीच ऐकू येऊन नाही राहिलं! जाऊ द्या, संत्र्यांच्या दिवसांत मीच येते, मग बसून बोलू."

आणि ती यायची. लागोपाठ दोन हिवाळे आली. काटोलहून संत्र्यांची पेटी यायची आणि मायलेकी गच्चीवर उन्हात बसून सालींचा ढीग लावायच्या. परत निघताना ती दारात "येते" म्हणायची. घरातून निघणारं माणूस "जाते" म्हणत नाही, हे तिच्या आईनं तिला लहानपणीच शिकवलं होतं. फोनवर मात्र सगळ्यांसारखं "चल, ठेवते."

आमच्या गल्लीत फायबरचं इंटरनेट यावं म्हणून सगळ्यात जास्त धावपळ मी केली, हे कबूल करायला हवं. निवृत्त माणसाला एकदा काम सापडलं की तो कोणाला सोडत नाही. मी घरोघरी जाऊन सह्या घेतल्या, कंपनीच्या सीताबर्डीच्या ऑफिसात इतक्या चकरा मारल्या की तिथला चौकीदार मला चहा विचारायला लागला. शेवटी एक दिवस काळी तार खांबावरून आमच्या पेरूच्या झाडातून घरात आली.

जोडणारा माणूस बैठकीत मांडी घालून बसला. केसाएवढ्या काचेच्या तारा एका छोट्या यंत्रात जोडल्या, कोपऱ्यात भिंतीवर डबा बसवला आणि मान हलवली. "काका, लाइट नाही येऊन राहिली."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "काहून नाही? पंखा तर फिरून राहिला!"

तो हसत सुटला. "काकू, ती लाइट नाही. या तारेतून उजेड धावते, त्याले आम्ही लाइट म्हणतो." त्यानं तारेचं टोक पुसून पुन्हा खोचलं. डब्यावर हिरवा दिवा लागला. "घ्या, आली लाइट."

त्या रविवारी आम्ही पहिल्यांदाच पंख्याखाली खुर्च्यांवर बसून बोललो. मुलीच्या कपाळावरची पुटकुळीसुद्धा दिसली. बायकोनं फोनच्या काचेवरून तिच्यावर हात फिरवला. मी तर असा फुगलो होतो, जणू तार मीच ओढली होती. मग रविवारची वाट बघायचं कारणच उरलं नाही. मुलगी रोज फोन लावायची, तो बरणीला टेकवून स्वयंपाक करायची आणि आम्हाला तिचं छत आणि अर्धा कान दिसत राहायचा. बायको इकडून सांगायची, "कांदा बारीक चिर वं." घर भरल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

थंडी जवळ आली तसं बायकोनं विचारलं, "कधी येतेस? काटोलच्या माणसाले पेटी सांगून ठेवू का?"

ती कढईत बघत म्हणाली, "आई, या वर्षी राहू दे ना. रोज तर भेटून राहिलो आपण. समोरच तर आहे मी. चल, ठेवते."

एक अक्षर तुटलं नाही. बायको काळ्या पडलेल्या काचेकडे बघत बसली. "इतकं साफ ऐकू यायला नको होतं," एवढंच म्हणाली. मला त्या टाकीची, तिथल्या चटक्यांची, ओरडून ओरडून बसलेल्या घशाची इतकी आठवण आली की स्वतःचाच राग आला. तिला यायला लावणारी अडचण मीच सह्या गोळा करून दूर केली होती.

पुढच्या रविवारी रोजच्यासारखाच फोन आला आणि माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. "हॅलो? हॅलो? आवाज येऊन नाही राहिला!"

"मले तर येऊन राहिला, बाबा."

"हॅलो? चित्रही अटकलं वाटते!" असं म्हणून मी तोंड अर्धं उघडं ठेवून थिजलो. बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या क्षणी तीही थिजली, हात हनुवटीशी, जसाच्या तसा. आख्ख्या संसारात तिनं माझं इतक्या पटकन कधी ऐकलं नव्हतं. मुलीनं दोनदा हाका मारल्या. माझ्या नाकाला खाज सुटली होती. मग तिनं हातातला झारा खाली ठेवला आणि चेहरा फोनजवळ आणला.

"बाबा," ती म्हणाली, "वरचा पंखा फिरून राहिला."

आम्ही तरीही हललो नाही. पापणी हलवली असती तर माझ्या डोळ्यांतलं खाली आलं असतं. बायकोच्या गालावर तर आलंच होतं. मुलगी आधी हसली, मग हसायची थांबली. तिनं गॅस बंद केला. त्यानंतर ती इतका वेळ हललीच नाही, की खरंच चित्र अटकलं असं वाटून मी कोपऱ्यातल्या डब्याकडे पाहिलं. हिरवा दिवा लागलेला होता.

"आई," ती म्हणाली, "येते."

ठेवते नाही म्हणाली. दारातून निघताना म्हणायची तसं म्हणाली की खरंच येते म्हणाली, हे आम्ही दोघांनीही अजून तिला विचारलेलं नाही. बायकोनं काटोलच्या माणसाला पेटी मात्र सांगून टाकली आहे.