निळं दूध

आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी प्रत्येक वाक्याला 'समजलं का' जोडतो, आणि समोरच्याला काही कळत नाही हे तोंडावर दाखवतो. सारं घाटनांदूर गाव पाण्याच्या टँकरची वाट बघत असताना या माणसाने काउंटरवर समुद्रातल्या जिवंत पोवळ्यांची, पाण्याने भरलेली काचपेटी मांडली. तिच्या दिव्यासाठी महिनाभर झुरला. पिवळा लावला, तर पोवळी मलूल झाली. पांढरा लावला, तर शेवाळ माजलं. काल शेवटी गडद निळा दिवा बसवला आणि खोलीतली ट्यूबही उतरवून टाकली.

"पोवळ्याला दुसरा उजेड सोसत न्हाई, समजलं का?"

दूध तपासायचं मीटर त्याच्या खणात धूळ खातं. "माझी नजरच मीटर हाय," म्हणतो.

आज सकाळी रांगेत सगळ्यात पुढे आमच्या शेजारच्या काकू होत्या, त्यांच्यामागे मी, माझी दुधाची किटली काउंटरवर टेकवून. त्यांचं दूध मापात घेऊन त्याने डोळ्यांसमोर धरलं.

"निळं दिसतंय. पानी घातलंय. परत न्या, समजलं का?"

"सायेब, घालायला पानी हाय कुठं? गावातलं पानी तर तुमच्या पेटीत हाय! तो दिवा इझवून बघा की."

"इझवला तर पोवळी मरत्याल."

माझं डोकं सणकलं. काकूंची किटली उचलून मी दारात, उन्हात नेली. दूध पांढरंशुभ्र होतं.

"बाहेर येऊन बघा!" मी ओरडलो.

तो जागचा हलला नाही. काउंटरवरची माझी किटली त्याने पुढे ओढली, माप भरलं आणि त्या दिव्याखाली धरलं.

"तुमचं बी निळं हाय," तो म्हणाला. "समजलं का?"