वहिनींनी निवडलेलं कार्टं

वहिनी विग बनवत. बारीक जाळीवर आकडीने एकेक केस गाठायचा, आणि असं करत करत डोकं भरायचं. हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. सासरे नाटकवाल्यांना दाढ्यामिशा पुरवत. पुढे नाटकवाले येईनासे झाले आणि आजारपणात केस गेलेली, अकाली टक्कल पडलेली साधीसुधी माणसं येऊ लागली. ती सरळ कधीच येत नसत. आधी दुकानावरून पुढे जात, समोरच्या चपलांच्या दुकानात उगाच भाव विचारत, आणि रस्ता मोकळा दिसला की चटकन आत शिरत. चपलावाल्याचा धंदा त्यामुळे बरा चालला होता.

"ही माणसं घरबसल्या मागवतील," नणंद म्हणाली. ती वयाने धाकटी, पण ऑफिसची नोकरी सोडून आल्यापासून घरातले मोठे निर्णय तीच घेई. "ऑनलाइन दुकान काढू या, वहिनी. फक्त एक चांगलं शॉपिंग कार्ट निवडायला हवं."

"कार्टं? घरात आहेत ती दोन पुरेत की, वन्सं."

नणंदेने समजावून सांगितलं. कार्ट म्हणजे एक सॉफ्टवेअर. गिऱ्हाईक त्यात वस्तू टाकतं, पत्ता देतं, पैसे भरतं. वहिनींना पटलं. पण त्या म्हणत राहिल्या कार्टंच.

पहिलं कार्ट सगळ्यात महागडं होतं, पण महिनाभर फुकट वापरायला मिळत होतं. नणंदेने वहिनींच्याच नावाने, वहिनींच्याच फोनवरून एक विग घेऊन पाहिला. खांद्यापर्यंतचा, काळाभोर. मध्येच फोनने कसली तरी परवानगी मागितली. तिने देऊन टाकली. परवानगी नाकारायची सवय तिला ऑफिसातही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरल्या दिरांचा फोन आला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"काय कळलं, भाऊजी?"

"असू दे. आम्हाला परकंच समजलात."

दुपारी जाऊबाई फळं घेऊन आल्या आणि वहिनींकडे बघून डोळ्याला पदर लावला. तेव्हा उलगडा झाला. कार्टाने फोनमधल्या झाडून सगळ्यांना निरोप धाडला होता : 'तुमच्या ओळखीच्या वहिनी यांनी नुकताच विग खरेदी केला! तुम्हीही पाहा.'

वहिनींनी अंबाडा सोडून दाखवला. जाऊबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी एका बाजूने ओढून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूने.

"घट्ट आहेत," त्या म्हणाल्या. जरा हिरमुसल्याच. पण फळं ठेवून गेल्या.

नणंद हसून हसून बेजार झाली. वहिनी हसल्या नाहीत.

"माझे होते म्हणून ओढून दाखवले, वन्सं. ज्यांना नाहीतच, त्यांनी काय दाखवायचं?"

नणंदेचं हसू तिथेच थांबलं. ते कार्ट तिने काढून टाकलं.

दुसरं कार्ट कुणाला काही सांगत नसे, पण चिवट होतं. विग टोपलीत टाकून न घेताच बाहेर पडलं की सकाळी विचारी, 'काही विसरलात का?' दुपारी, 'तुमचा विग तुमची वाट पाहतोय.' संध्याकाळी सूट देऊ करी.

"विग कुणाची वाट पाहत नाही," वहिनी म्हणाल्या. "मागे लागणारं कार्टं नको मला."

तिसऱ्या कंपनीचा माणूस फोनवर आधीच ओशाळला होता. "आमचं जरा साधंच आहे, मॅडम. गिऱ्हाईक परत आलं तरी ते ओळखत नाही. आठवण करून देत नाही. कुणी काय घेतलं, ते दुसऱ्याला दाखवत नाही. पुढच्या वर्षी सुधारणा करतोय."

"करू नका," वहिनी म्हणाल्या आणि तेच घेतलं.

मग बरेच दिवस काहीच घडलं नाही. नणंद रोज उघडून बघे आणि रोज सुस्कारा सोडे. "दुकान आहे की समाधी? जरा तरी बोलणारं घ्यायला हवं होतं." वहिनी खाली मान घालून केस गाठत राहिल्या. त्यांनाही धाकधूक होतीच, पण ती त्यांनी बोलून दाखवली नाही.

पहिली मागणी आली ती एका शिक्षिकेची. डोक्याचं माप बिनचूक दिलेलं, आणि खाली चार ओळी :

'कितीदा तरी टोपली भरली आणि तशीच टाकून गेले. आरशात बघायचा धीर नव्हता. तुमच्याकडून कुणी काही विचारलं नाही, म्हणून परत येता आलं. सोमवारपासून वर्गावर जायचंय. भांग डावीकडे हवा, पूर्वी तसाच होता.'

नणंदेने ते मोठ्याने वाचलं. मग एकटीनेच पुन्हा वाचलं.

"ही इतक्यांदा येऊन गेली, वहिनी, आणि आपल्याला पत्ताच नाही!"

"आपल्याला कशाला हवा?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी तयार विगांतला एक उतरवला, लाकडी डोक्यावर चढवला आणि उजवीकडचा भांग उसवायला घेतला. "सोमवार म्हणतेय ना? मग आजचा स्वयंपाक तुम्ही बघा, वन्सं."

नणंद स्वयंपाकघरात गेली. जेवण अळणी झालं, पण विग वेळेवर पोचला.