येरमाळ्यापर्यंतचं मौन

ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, तिनंच माझी मुलगी माझ्यापासून तोडली. ती गोष्ट म्हणजे माझं मौन. आज हे लिहायला सोपं जातंय. तेव्हा कुणी तोंडावर सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, आणि उत्तर तर मुळीच दिलं नसतं.

मुरुमजवळच्या एका खेड्यात मी तीस-बत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षक होतो. स्वभाव तापट. माझा आवाज चढला की शेजारची म्हैससुद्धा रवंथ थांबवते, असं आमची मंडळी, म्हणजे बायको, चेष्टेनं म्हणायची. निवृत्तीनंतर मी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. दहा दिवस आर्यमौन, पहाटेपासून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघणं. परत आलो तो निराळाच माणूस होऊन, असं गाव म्हणू लागलं. राग आला की मी ओरडत नसे, डोळे मिटून बसत असे. विहारात तरुण पोरांना सांगत असे, राग येतो आणि जातो, आपण नुसतं बघायचं. पोरं माना डोलवायची आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या.

मग धाकट्या उज्ज्वलानं चौथ्यांदा स्पर्धा परीक्षा दिली आणि चौथ्यांदा तिचा नंबर हुकला. तिनं सगळी पुस्तकं एका पोत्यात भरली, पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलं आणि मैत्रिणीकडे कळंबला केक करायला शिकते म्हणाली. गाव तिला कधीचंच 'मॅडम' म्हणू लागलं होतं. खरं तर आधी मीच म्हणू लागलो होतो. केक हा शब्द मला चापटीसारखा लागला. मी काहीच बोललो नाही. त्या दिवशी नाही आणि पुढचे आठ महिनेही नाही. तिचा फोन आला की तिची आई बोलायची आणि मी शेजारी डोळे मिटून बसायचो. रोज सकाळी मंगल मैत्री मात्र चुकवली नाही. दाही दिशांतल्या सगळ्या प्राण्यांचं भलं होवो, असं म्हणायचो. त्यात किडामुंगीला जागा होती, कळंबला नव्हती.

"आधी वरडायचे ते बरं होतं," एकदा भाकरी थापता थापता मंडळी म्हणाली. "काय खुपतंय ते तरी कळायचं. आता भिताडासंगं संसार चाललाय माझा." मी त्यावरही श्वास बघत राहिलो.

पौष महिन्यात उज्ज्वलाचा निरोप आला. शनिवारी संध्याकाळी तिच्या स्वतःच्या दुकानाचं उद्घाटन होतं. आईच्या तोंडून तिनं सांगितलं होतं, "पप्पा बोलणार असतील तर या म्हणावं. मुकं येऊन बसणार असतील तर येऊच नका. चार लोकांत मला ते सोसणार न्हाय." मंडळी आदल्या दिवशीच कळंबला निघाली. उंबऱ्यात चपला घालताना मला म्हणाली, "पोरीनं अजून दार उघडं ठेवलंय. तिनं लावून घेतलं तर मग तुमी कितीबी श्वास बघा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते मी पाहिलं आणि नेहमीप्रमाणे नुसतं पाहिलंच.

आता माझी लबाडी सांगतो. तो शनिवार पौर्णिमेचा होता. मी पांढरे कपडे घातले, तथागतांपुढं मेणबत्ती लावली आणि अष्टशील घेतलं. म्हणजे दिवसभर आठ नियम पाळायचे, त्यात दुपारनंतर अन्न घ्यायचं नाही. त्याला दिवसभराचं मौनही मीच जोडलं. कुणीही मागितलं नव्हतं. जायचं, कोपऱ्यात बसायचं, आणि कुणी विचारलं तर मंडळी सांगेल की आज पौर्णिमा आहे. मुलीनं घातलेली अट धर्माच्या आडून चुकवायचा हा बेत होता, आणि तोही मी मोठ्या शांत मनानं आखला होता.

धाराशिवला गाडी बदलली तेव्हा दुपार झाली होती. कंडक्टरसाठी मी चिठ्ठी लिहून ठेवली होती, 'कळंब, एक'. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. विटकं लुगडं, कपाळावर देवीचा भंडारा, मांडीवर गाठोडं. कुठं निघालात, तिनं विचारलं. मी हसून मान हलवली. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हसलो. एवढ्यात कंडक्टर आला, मी चिठ्ठी पुढं केली आणि म्हातारीचा चेहराच बदलला.

"ओ कंडक्टर, त्येंला बोलता येत न्हाय ओ," ती सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली. "कळंबला जायाचंय त्येंला. नीट उतरून द्या."

खिशातून पेन काढून दोन शब्द लिहिले असते तरी भागलं असतं. मी ते केलं नाही. उलट मला जरा गंमतच वाटली. गाडी उताराला लागली. दोन्ही बाजूंना ज्वारी कंबरेच्या वर आली होती, तिच्यावर पौषातलं मऊ ऊन पसरलं होतं आणि लांबवर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. श्वास येत होता, जात होता. झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत मी तरंगत होतो आणि म्हातारीचा आवाज तिथं अंगाईसारखा येत होता.

ती मला तिच्या मालकाची गोष्ट सांगत होती. लकव्यानं त्यांची वाचा गेली होती. "दोन वर्सं मीच पुसायची आन् मीच उत्तर द्यायची. चहा घेता का? घेतो की. साखर जास्ती झाली का? न्हाय, बरी हाय." ती स्वतःशीच हसली. "जायाच्या आदल्या दिशी माझ्याकडं बगून ओठ हलवले त्येंनी. लई हलवले. काय म्हनायचं व्हतं काय की. त्यो एक शबूद मला मिळाला असता ना दादा, तर मी जलम त्यावर काडला असता."

माझी झोप उडाली. तिनं गाठोडं सोडलं, अर्धी भाकरी मोडली, तिच्यावर शेंगाची चटणी ठेवली आणि माझ्या हातात दिली. "खावा. मुक्या मानसाला कुनी पुसत न्हाय, भूक लागली का म्हनून." दुपार टळून गेली होती. माझं सहावं शील मोडणार होतं. पण चौथं, खोटं न बोलण्याचं, कधीच मोडून पडलं होतं. मी बोललोच नाही तर खोटं कसं, अशी पळवाट काढून पाहिली, पण ती माझी मलाच पटेना. एका विधवेच्या आठवणीतली माया मी फुकट खात बसलो होतो. आणि मला वाचा होती. आठ महिने होती. कळंबला एक पोर त्यातल्या एका शब्दासाठी डोळे लावून बसली होती. मी भाकरी खाल्ली. शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. गाडीभर लोकांसमोर आता बोललो तर या बाईचं हसं होईल, म्हणून गप्पच राहिलो. निदान तेव्हा मला कारण तसंच वाटलं. भीती माझंच हसं होण्याची होती, हे नंतर कळलं.

येरमाळा आलं. ती उतरायला उठली आणि खिडकीतून येडेश्वरीच्या डोंगराकडे वळून तिनं हात जोडले. "आई येडाई, ह्या दादाला वाचा दे. चैती पुनवेला ह्येच्या नावानं चुन्याच्या रानात पाच खडे येचते." चैत्राच्या यात्रेत तिथल्या रानात लोक चुनखडीचे खडे वेचतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. नवससायास मी मानत नाही. वडिलांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात कुणी नवस बोलला नाही. आणि माझ्यासाठी एक अनोळखी बाई बोलून मोकळी झाली होती.

ती खाली उतरून चालू लागली. गाडीनं गचका दिला. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. "ताई! ताई, मला बोलता येतं!" सकाळपासून न वापरलेला घसा, आवाज फाटका निघाला. ती गर्रकन वळली. मला वाटलं आता शिव्या देईल. तिनं दोन्ही हात डोक्यावर जोडले, डोंगराकडे पाहिलं आणि रस्त्यातच रडू लागली. "मी मुका न्हाय ओ ताई, मी खोटं..." एवढं म्हणेपर्यंत गाडी वळली. आत सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली बसलो आणि कळंब येईपर्यंत लहान पोरासारखा रडलो. त्या वेळी श्वासाकडे लक्ष नव्हतं.

दुकानात पिवळ्या झेंडूच्या माळा लावल्या होत्या. उज्ज्वला हाताला पीठ लागलेली, काउंटरच्या मागं उभी होती. तिनं माझ्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पौर्णिमा तिच्याही ध्यानात आली असणार. गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं माझी पळून गेली.

"उज्जू," मी म्हणालो, "तुझ्या हातचा केक दे गं मला."

"पप्पा, आज पुनव हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमी दुपारच्याला काही खात न्हाय."

"आज मोडलं. चुकलं माझं. आठ महिने चुकलं."

तिनं केक कापायला घेतला आणि सुरी तशीच ठेवून माझ्या छातीवर डोकं टेकलं. माझ्या सदऱ्यावर पिठाचे दोन पंजे उमटले. मंडळी मागून म्हणाली, "भिताड बोललं गं बाई!" आणि सगळेच हसले. मीही.

चैत्री पौर्णिमेला मी येरमाळ्याला गेलो, त्या ताईंना खरं काय ते सांगून क्षमा मागायला. उज्ज्वलानं त्यांच्यासाठी केकचा डबा दिला होता. लाखभर माणसांत त्या कुठल्या सापडणार! उन्हात सगळं रान वाकलेलं होतं आणि माणसं खाली बघून शांतपणे खडे वेचत होती. पाठीतून वाकता न येणारी एक म्हातारी माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "दादा, पाच खडे द्या की येचून." मी खाली बसलो. एकेक खडा उचलला, माती पुसली आणि तिच्या ओंजळीत ठेवला. नवस मानायचा की नाही, हा प्रश्न त्या वेळी मनात आला नाही. कुणाच्या नावानं, हेही मी विचारलं नाही. केकचा डबा तिच्या हाती दिला, रस्त्यावर आलो आणि पोरीला फोन लावला.