माझ्या निधनाची रंगीत तालीम

माझं निधन एका रविवारी नाश्त्यानंतर झालं. आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे घरात कुणाला विशेष धक्का बसला नाही.

झालं असं, की निवृत्ती जवळ आलेल्यांसाठी आमच्या कंपनीत एक व्याख्यान ठेवतात. (नंतर मेदूवडा असतो, म्हणून हजेरी चांगली असते.) व्याख्याते म्हणाले, माणूस जन्मभर कमावतो, पण तो गेल्यावर बायकोला साधी पॉलिसीसुद्धा सापडत नाही. एक दिवस आपण नाही असं समजा आणि घरच्यांचं काय होतं ते बघा. बाकीच्यांनी हे ऐकून वड्यांकडे मोर्चा वळवला. मी मात्र मनावर घेतलं, कारण ‘माझ्यानंतर सुलभाचं कसं होणार’ ही काळजी मी लग्नापासून जपून ठेवली होती. सुलभा म्हणजे आमची ही. भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट मागून घेते, पण बँकेचं नाव काढलं की ‘ते तुमचं तुम्ही बघा’ म्हणते, असा माझा समज होता.

मालमत्ता म्हणाल तर मीरा रोडजवळच्या इंद्रलोक वस्तीतला वन बीएचके, थोड्या एफडी, एक पॉलिसी आणि बँकेतला लॉकर. पण तिचं संरक्षण मी कडक ठेवलं होतं. मृत्युपत्र आणि पावत्या फाईलमध्ये, फाईल पिशवीत, पिशवी आकाशकंदिलाच्या खोक्यात आणि खोकं माळ्यावर. लॉकरची चावी तर अशा ठिकाणी ठेवली होती, की ते ठिकाण आठवायला मला डोळे मिटून बसावं लागायचं. चोराला काही मिळता कामा नये, एवढाच विचार केला होता. बायकोलाही मिळणार नाही, हे त्या व्याख्यानापर्यंत सुचलं नव्हतं.

तर नियम असे ठरले: मी सोफ्यावर पडून राहीन, बोलणार नाही, खुणा करणार नाही. संध्याकाळपर्यंत तिने सगळं शोधायचं. ती ‘बरं’ म्हणाली आणि तिने मिक्सर लावला. माझा अंदाज होता, की दुपारपर्यंत ती रडकुंडीला येईल, मग मी उठून उदारपणे सगळं दाखवीन.

पहिली अडचण माझीच झाली. रोजच्या वेळेला दुसरा चहा आला नाही. मी खोकलो. स्वयंपाकघरातून आवाज आला, “गेलेल्या माणसाला चहा लागत नाही.” मुद्दा बिनतोड होता.

मग माझा फोन वाजला आणि तो तिने उचलला. आमच्या ऑफिसातला साळवी होता. “ते नाहीत,” ती म्हणाली. कुठे गेलेत, असं त्याने विचारलं असावं. तिने मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, “सांगून नाही गेले.”

त्यानंतर ती कामाला लागली. स्टूल घेऊन माळ्याकडे जाईल म्हणून मी एक डोळा किलकिला करून पडलो होतो, तर ती कपाटापाशी गेली आणि साड्यांखालून फाईल काढून घेऊन आली. चावी देव्हाऱ्याच्या खणात निघाली. मला विचारताही येईना! माझी तडफड बघून तिनेच सांगितलं: वरच्यांचं बाथरूम मागे गळत होतं, तेव्हा माळ्यावरचं खोकं भिजलं आणि आवरताना त्याच्याखाली चावीही सापडली. तिने एकेक कागद, वाचत न बसता, पंख्याखाली वाळवला आणि तेव्हापासून सगळं आपल्या ताब्यात ठेवलं. मला सांगायला आली होती म्हणे, पण मी मॅच बघत होतो.

थोडक्यात, कुकरची शिटी व्हायच्या आत तालीम संपली. मला वाईट वाटलं. बायको इतकी सहज सावरेल, अशी कुठल्या नवऱ्याची अपेक्षा असते?

एवढ्यात शेजारच्या हंसाबेन विरजण मागायला आल्या. समोर कागद पसरलेले, सोफ्यावर मी डोळे मिटून आडवा. त्या दारातच थबकल्या. “भाभी, भाई को क्या हुआ?”

“कुछ नहीं, गुजर गए हैं,” सुलभा म्हणाली. “शाम को उठेंगे.”

प्रकार समजल्यावर हंसाबेन घाबरायच्या ऐवजी मांडी घालून बसल्या. आपल्या नवऱ्याकडूनही हे एकदा करून घ्यायचंय, पण तो मेल्यावरही गप्प बसणार नाही, अशी त्यांची शंका होती. मग दोघींनी माझ्या पश्चात काय करायचं ते ठरवायला घेतलं. मेट्रोमुळे भाव वाढलेत, फ्लॅट विकू नये, भाड्याने द्यावा, असं हंसाबेनचं मत पडलं. सुलभाने पुण्याला आमच्या मुलीजवळ, ऋचाजवळ, राहायचं ठरवलं. त्याआधी दोघी द्वारकेला जाऊन येणार होत्या. माझा तेरावाही झाला नव्हता आणि यांचं खालचा बर्थ की वरचा, इथपर्यंत आलं होतं.

शेवटी मृत्युपत्र निघालं. सुलभा मोठ्याने वाचून हंसाबेनना हिंदीत समजावत होती. ‘माझा राहता फ्लॅट मी माझ्या पत्नीस देत आहे’ या वाक्यावर हंसाबेननी तिला थांबवलं. “पर फ्लैट में तो तुम्हारा भी नाम है ना?” होतंच. म्हणजे तिचंच अर्धं घर मी तिला मोठ्या मनाने बहाल केलं होतं.

पुढचं वाक्य तिने मनातल्या मनात वाचलं, मग मोठ्याने. “माझी पत्नी व्यवहारात अननुभवी असल्याने या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझा धाकटा भाऊ दिलीप याने करावी.”

(दिलीपने मागे इमूपालनात पैसे गुंतवले होते. इमू त्याने अजून पाहिलेला नाही.)

हंसाबेन कधी उठून गेल्या कळलं नाही. विरजणाची वाटी तशीच राहिली.

“बिल्डर ताबा देत नव्हता,” सुलभा म्हणाली, “तेव्हा दर शनिवारी त्याच्या ऑफिसात कोण जाऊन बसायचं? ऋचाला कडेवर घेऊन?”

मी उठून बसलो. “अगं, ती वकिलाची भाषा असते—”

“बोलू नका. गेलेल्या माणसाला मृत्युपत्राचा खुलासा करता येत नाही. म्हणून तर ते नीट लिहायचं असतं.”

मी परत आडवा झालो. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने भांडी घासली, तीही आवाज न करता. बिल्डरने कंटाळून चावी हातात ठेवली ती तिच्याच. वास्तुशांतीच्या फोटोत मात्र ती चावी माझ्या हातात आहे, हे मला त्या सोफ्यावर पडल्या पडल्या पहिल्यांदाच खटकलं.

दुपारी तिने माझ्यासमोर ताट ठेवलं. “उठा आता. जिवंत व्हा आणि जेवून घ्या.”

जेवताना मी मृत्युपत्र बदलतो म्हणालो. ती म्हणाली, बदला, आणि वकिलाकडे जातोच आहोत तर मीही माझं करते. तिचंही मृत्युपत्र असू शकतं, हे व्याख्यात्यांनी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मीरा रोडला सिल्व्हर पार्कजवळ एका वकीलबाईंकडे गेलो. माझ्या मृत्युपत्रातून दिलीप गेला आणि सगळी जबाबदारी सुलभाकडे आली. मग तिचं सुरू झालं. तिचा अर्धा हिस्सा ऋचाला, मात्र नवऱ्याला हयात असेपर्यंत त्या घरात राहू द्यावं. मला भरून आलं. साक्षीदार म्हणून सही करायला मी खिशातून पेन काढलं, तर वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष द्यायची नसते. तुम्ही बाहेरच बसा.

बाहेर बाकावर एक वयस्कर गृहस्थ नंबरची वाट बघत होते. त्यांनी सरकून जागा दिली आणि विचारलं, घर तुमचं आहे का, की काही वाद आहे?

“नाही हो,” मी म्हणालो, “मी लाभार्थी आहे.”