काचेखालचा लांबसडक केस

"तुज्या टकलावर एक केस न्हाय, मग माझ्या फोनच्या काचंखाली ह्यो लांबसडक केस कुणाचा रं?"

हा आरडाओरडा आठवला की निवृत्तीनंतर आजही मी एकटाच हसत बसतो. खानापूर तालुक्यातल्या आमच्या पोलीस ठाण्यात गुंजी गावची एक आक्का मोबाईल दुरुस्तीवाल्याला कॉलरला धरून घेऊन आली होती. तिच्या आवाजाने कौलांवरची कबुतरं उडाली, ती जांबोटीच्या रानात शिरली आणि अजून परतलेली नाहीत. त्या गड्याने सकाळीच तिच्या फोनला नवी काच बसवली होती.

हवालदार तक्रार लिहून घेणार, तेवढ्यात दुरुस्तीवाल्याची बायको मागोमाग पोहोचली. फोनमध्ये डोकावली, स्वतःच्या कुरळ्या केसांवरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्यो तर सरळ हाय. आज जेवायला घरला येऊ नका."

गडी रडकुंडीला आला. "साहेब, आईशप्पत, दुकानात बाई म्हणून कोण येतच न्हाय!"

"मग मी कोण रं?" आक्का गरजली.

गड्याचा संसार वाचवायचा तर चौकशी लगेच हवी होती. माझी भुवई वर गेली की दरोडेखोर कबुली द्यायचे. केस मात्र गप्प. केस दिसला तेव्हा आक्का फोनवर लोणच्याची कृती वाचत होती. मधेच पांढऱ्या बुटांचं चित्र, आणि त्यावर तो केस.

"पुसाय गेलं की बुटांचं दुकान उघडतंय बघा," ती म्हणाली.

मी रुमालाने पुसलं. दुकान उघडलं! कोपऱ्यातली मोहरीएवढी फुली दाबली, तरी दुकानच. मागे येऊन पान वर सरकवलं, तर केसही बुटांसकट वर निघाला. काचेवरचा केस असा फिरायला जातो होय? मी बाजूचं बटण दाबून पडदाच बंद केला. काच काळीभोर, स्वच्छ. केस फरार!

जाहिरातवाल्यानेच तो चित्रात काढला होता. लोकांनी पुसायला बोट लावावं आणि ते बोट गिऱ्हाईक म्हणून मोजलं जावं. कोठडीतला सायकलचोरसुद्धा गज धरून हसला.

भामटे लोभावर जगतात, एवढंच मला नोकरीने शिकवलं होतं. हा आपल्या पुसापुशीच्या सवयीवर जगत होता. तेव्हापासून फोनवर कचरा दिसला की मी आधी पडदा बंद करतो. तरीही दिसला तर पुसतो. गायब झाला तर ते पानच बंद करून टाकतो.

आक्काने गड्याची कॉलर सोडली, वर नीट करून दिली. मी त्याच्या बायकोला विचारलं, "काय वैनी, पटलं का आता?"

"ह्या फोनचं पटलं," ती म्हणाली. "आता ह्यांचा द्या."