पाठ केलेली अक्षरं

भाऊजींच्या हाताच्या पट्ट्या अर्ध्या पिळून तशाच बादलीत टाकल्या, कारण त्यांच्या पँटच्या खिशात भिजलेला कागद सापडला. वर एक मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. डोळे तपासायचा तक्ता त्यांनी हाताने उतरवून घेतला होता.

माझे धाकटे दीर दहा वर्षं बॉक्सिंग करतात. त्यांचे वस्ताद म्हणतात, ठोसा कोणीही मारतो, खाल्लेला ठोसा तोंडावर दिसू न देणं हा बॉक्सरचा खरा गुण. भाऊजींनी तो गुण घरातही आणला. नाक मोडलं तेव्हा आम्हाला सर्दी झाल्याचं सांगितलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं, "वहिनी, एवढी स्तोत्रं पाठ कशी होतात हो?" शेवटच्या ओळीपासून वर यायचं, असं मी हौसेने शिकवलं. वाटलं, देवाने सुबुद्धी दिली. काल लढतीआधीच्या तपासणीत ते पास झाले.

आज मी चहाचा कप मुद्दाम डावीकडून पुढे केला. त्यांचा हात कपाशेजारून हवेत गेला.

"डाव्याने दिसत नाही ना, भाऊजी?"

"उजवा आहे की. तुमच्या देवाने जोडी दिलीये ती कशाला?"

"थट्टा पुरे. दुसराही गेला तर?"

"रविवारची लढत होऊ द्या. दादाला सांगू नका, शपथ आहे माझी."

यांना नाही सांगणार. देवापुढे हात जोडून झाले. आता हा कागद घेऊन तपासणीच्या डॉक्टरांकडे जायचं आहे.