शोरकुलची मोजणी

माझे सासरे, तुर्दिकुल मास्तर, गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. नोकरी संपली तरी जानेवारीतला एक दिवस त्यांनी सोडला नाही. त्या दिवशी शोरकुल तलाव, पलीकडचा धाकटा तलाव आणि मधली गव्हाची शेतं फिरून ते पाखरं मोजायचे आणि आकडे ताश्कंदच्या कचेरीला कळवायचे. एकतीस वर्षं. सोबत सासूबाई जायच्या, थर्मास, नान, उकडलेली अंडी आणि वही घेऊन. "निघाली म्हातारी नवऱ्याबरोबर हवा खायला," असं आम्ही जावा तंदूरपाशी हसून म्हणायचो.

सासूबाई ऑगस्टमध्ये गेल्या. यंदा वही माझ्या हातात आली.

गाडी शेजारच्या नेमतची, जुनी दमास. तिचा हीटर फक्त उन्हाळ्यात चालतो, असं नेमतच सांगतो.

"मास्तर, तुम्ही मला पाचपैकी दोन दिले होते," तो निघता निघता म्हणाला. "तरी बघा, फिरवतोय कोण? मीच."

"बेडकाच्या चित्राला पंख काढले होतेस तू. दोन दिले तेच पुष्कळ."

ओता, म्हणजे सासरे, हसले नाहीत. खिशातली जपमाळ चाचपत राहिले. दहा पाखरांना एक मणी, ही त्यांची रीत.

शोरकुलवर धुकं नुकतंच वर सरकत होतं. काठाला बर्फाची कड धरलेली. ओतांनी तिपाईवर दुर्बीण बसवली, डोळा लावला. मणी सरकू लागले.

"लिही. लाल डोक्याची बदकं, तीनशे दहा. चांदवे, चारशे साठ. मोठे बगळे, सतरा."

माझी बोटं गारठलेली. वाऱ्याने वहीचं पान उलटलं आणि गेल्या वर्षीचं पान वर आलं, सासूबाईंच्या तिरक्या अक्षरातलं. तीनशे दहा. चारशे साठ. सतरा. त्याच क्रमाने.

मी पाण्याकडे पाहिलं. लांब कुठे काळे ठिपके होते, पण शंभरही नसतील. पान परत उलटलं आणि सांगितलं ते लिहिलं. सुनेने दुसरं काय करायचं?

धाकट्या तलावाशी पोचलो तेव्हा मात्र ओतांचा आवाजच बदलला. "थांब, थांब. बोलू नका कुणी." दोन मणी सरकले. "ही जवळ आहेत. सव्वीस. हिरव्या डोक्याची असणार. कशी निवांत बसलीयत बघ, आपल्याला भ्यायलीसुद्धा नाहीत."

नेमत फिसकन हसला. "ती जन्मभर निवांतच बसणार, मास्तर. शिकाऱ्यांनी खरी बदकं फसवायला ठेवलेली प्लास्टिकची आहेत ती. ते एक कलंडलंय बघा, बुडाची दोरीसुद्धा..."

मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं वाक्य तिथेच थांबलं. उगीच टायरला लाथ मारून तो सिगारेट ओढायला बाजूला गेला.

ओतांनी अंगातल्या जाड चापानच्या बाहीने दुर्बिणीची काच पुसली. काच स्वच्छच होती.

"लिहिलंस?"

"नाही अजून."

"मग वरचेही तीन आकडे खोड."

"वरचे का?"

"तुला सासूचं अक्षर वाचता येतं ना? मग मला कशाला विचारतेस?"

आम्ही दमासच्या पायरीवर बसलो. मी चहा ओतला. त्यांनी पियाला हाताने शोधून धरला, आणि मला आठवलं की घरातही ते कधीपासून असाच धरतात.

"मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. तुझ्या रुमालाचा काठ दिसतो, तू दिसत नाहीस. औषध नाही म्हणाले डॉक्टर."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं. ती दुर्बिणीला डोळा लावायची, हळू आवाजात सांगायची. मी मणी सरकवायचो. कुणी आलं की जागा बदलायचो."

मी उठले. "मी बघते, ओता. तुम्ही नावं सांगा."

दुर्बिणीत पाणी एकदम अंगावर आलं. "बदकं आहेत. काळपट. सातआठ."

"चोचीचं मूळ फुगलेलं आहे?"

"कळत नाही."

"शेपूट ताठ वर आहे, की पाण्याला टेकलीय?"

मी पाहत राहिले. थंडीने डोळ्याला पाणी आलं, त्या पाण्यात बदकं विरघळली. परत पाहिलं तोवर त्यांनी बुडी मारली होती.

"सासूबाईंनाही सुरुवातीला जमलं नसेल," मी म्हटलं.

"तिला आधीपासून यायचं. मासेमाराची पोर ती. लग्न होऊन आली तेव्हा माझ्यापेक्षा जास्त पाखरं ओळखायची, फक्त पुस्तकातली नावं ठाऊक नव्हती." त्यांनी गार झालेला चहा बर्फावर ओतला. "चल. पुरे."

परतताना गव्हाच्या शेतातून मोठा थवा ओरडत उठला.

"करकोचे," ओता मान न वळवता म्हणाले. "किती?"

मी मोजायला लागले. अठ्ठावन्नपर्यंत आले, तोवर ते कालव्यापलीकडे गेले. ओतांनी जपमाळ बाहेर काढली नाही.

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून जुन्या वह्या काढायला लावल्या. दरवर्षीच्या पानाच्या डोक्यावर रकाना असतो: निरीक्षक. तिथे त्यांचं नाव.

"अकरा वर्षांची पानं काढ. माझं नाव खोडून तुझ्या सासूचं लिही, सनोबर. पूर्ण लिही, आडनावासकट. उद्या ताश्कंदला पाठव."

"आणि यंदाचं?"

"यंदा मोजणी झाली नाही, असं लिही. पुढच्या वर्षी तुमचा माणूस पाठवा, असंही."

ते भिंतीकडे तोंड करून पडले. मी पेन घेऊन जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाशी बसले. अकराही पानांवर 'निरीक्षक: तुर्दिकुल एशोनकुलव' हे सासूबाईंनीच लिहिलेलं होतं, तिरकं, ठळक, खाली एक रेघ ओढून. पाखरं मोजून यायच्या, हे लिहायच्या आणि उठून आमच्यासाठी तंदूर पेटवायच्या.

"झालं का?" ओतांनी विचारलं.

"होतंय," मी म्हटलं. पहिलंच नाव अजून खोडायचं होतं.